माउझर पिस्तूल : पूजनाकडून अभ्यासाकडे

(दसऱ्यानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत एका निवृत्त यंत्र-अभियंत्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांचे पूजन होते. ज्यांच्या घरी पूर्वजांची तलवार आहे, ते तिला गंध-फूल वाहतात. ज्यांच्या घरी ती नाही, ते आपापल्या उपजीविकेची साधने पुजतात. माझे वडील कारखान्यात टर्नर होते. आमच्या घरी पाटावर मांडलेली असे ती एक कानस, एक कॅलिपर आणि एक मायक्रोमीटर. पूजा आटोपली की वडील तो मायक्रोमीटर माझ्या हाती देत आणि विचारत, "याला नमस्कार केलास. आता हा काय आणि कसे मोजतो, ते सांग." उत्तर आले नाही तरी प्रसाद मिळत असे, मात्र प्रसादामागोमाग अर्धा तास शिकवणीही होत असे.

आजचा विषय ठरवताना मला ती शिकवणी आठवली. आपण क्रांतिकारकांच्या तसबिरींना हार घालतो, त्यांच्या हातातील पिस्तुलाचेही आपल्याला अप्रूप वाटते. कथा-कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून 'माउझर' हा शब्द आपल्या कानी इतका पडला आहे की, कोणतेही जुने पिस्तूल म्हणजे माउझर अशी आपली समजूत होऊन बसली आहे. प्रयागराजच्या संग्रहालयात जतन केलेले हुतात्मा चंद्रशेखर आझाद यांचे पिस्तूलही अनेक जण माउझरच समजतात. वस्तुतः ते अमेरिकन बनावटीचे कोल्ट आहे. तेव्हा ज्याचा आपण इतक्या आदराने उल्लेख करतो, ते माउझर पिस्तूल होते तरी काय? ते कोणी घडवले, ते कसे चालत असे, आणि आपल्या देशाच्या इतिहासाशी त्याची गाठ कुठे पडली? हे आज आपण समजून घेऊ.

धुरापासून सुटका

या कथेचा प्रारंभ पिस्तुलापासून होत नाही; तो बंदुकीच्या दारूपासून होतो. सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट घेतले. फिरत्या चक्रात पाच-सहा काडतुसे आणि एक नळी, अशी ती रचना. पुढची पन्नास-साठ वर्षे हातात धरावयाचे शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर, हेच समीकरण होते. त्या काळची काळी दारू जळली की दाट धूर होई आणि नळीत व सांध्यांत काजळीचा थर बसे. अशा काजळीत नाजूक सरकते भाग फार वेळ चालणे अशक्यच.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय या रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू सिद्ध केली. तिच्यात शक्ती अधिक, अवशेष अत्यल्प. त्याच सुमारास हायरम मॅक्सिम या अमेरिकन संशोधकाने लंडनमध्ये आपली मशीनगन दाखवली. गोळी सुटताना बंदूक मागे धक्का देते, हा अनुभव शतकानुशतके प्रत्येक शिपायाच्या खांद्याला होता. मॅक्सिमने विचार केला की, हा धक्का वाया का जाऊ द्यावा? त्या धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर टाकावे, नवे आत घ्यावे आणि घोडा चढवावा. क्रियेइतकीच प्रतिक्रिया हा न्यूटनचा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. मॅक्सिमने त्याला कामाला लावले.

हीच कल्पना हातात मावेल एवढ्या शस्त्रात उतरवण्याची मग युरोपात स्पर्धा लागली. ह्यूगो बोरखार्ट याने १८९३ साली केलेले पिस्तूल हे त्यातील पहिले खरेखुरे विकले गेलेले यश. ते चाले उत्तम, पण आकाराने बोजड आणि हाताळण्यास अवघड होते. त्याच्या पाठोपाठ आले ते माउझर.

ओबर्नडॉर्फचे कारागीर

जर्मनीच्या नैऋत्येस, ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात नेकार नदीकाठी ओबर्नडॉर्फ नावाचे लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या वास्तूत व्युर्टेम्बर्गच्या राजाने बंदुकांचा कारखाना थाटला. त्याच कारखान्यातील एका बंदूककाराच्या तेरा अपत्यांपैकी सर्वांत धाकटा म्हणजे पीटर पॉल माउझर. जन्म १८३८. पॉल आणि त्याचा थोरला भाऊ विल्हेल्म यांनी रायफलीच्या रचनेत क्रांती घडवली. पॉलची १८९८ सालची रायफल पुढे जगातील असंख्य रायफलींची जननी ठरली.

पिस्तूल मात्र मूळचे पॉलचे नव्हे. कारखान्याच्या प्रायोगिक विभागात फेडेर्ले नावाचे तीन भाऊ काम करीत : फिडेल, फ्रिड्रिख आणि योसेफ. त्यांनी हे पिस्तूल आखले आणि १८९५ साली त्याचा पहिला नमुना तयार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेटंट घेतले गेले ते मालकाच्या, म्हणजे पॉल माउझरच्या नावाने. जगाच्या तोंडी नाव राहिले माउझरचे. फेडेर्ले बंधूंची नावे अभ्यासकांपुरती उरली. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचे फारसे नवल वाटत नाही. पण आज निदान या सभागृहात त्या तीन कारागिरांची नावे आदराने घेऊ या.

हे पिस्तूल 'सी ९६' या नावाने ओळखले जाते. १८९६ साली जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यासमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले आणि सम्राटाने ते स्वतः चालवून पाहिले. पाठोपाठ नियमित उत्पादनास प्रारंभ झाला.

दाराचा अडसर

आता थोडे यंत्राकडे वळू. आकृतीवाचून सांगतो, एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा म्हणजे पुरे.

वाड्याचे दार आतून बंद करण्यासाठी अडसर असतो. बाहेरून कितीही धक्का दिला तरी अडसर जागेवर आहे तोवर दार उघडत नाही. पिस्तुलाच्या नळीच्या मागच्या तोंडाशी असेच एक दार असते, त्याला बोल्ट म्हणतात. काडतूस पेटले की पुढे गोळी सुटते, आणि तेवढ्याच जोराने वायू मागे या दारावर आदळतो. दार जर त्याच क्षणी उघडले, तर तप्त वायू आणि फाटलेल्या काडतुसाचे तुकडे चालवणाऱ्याच्या तोंडावर येतील. म्हणून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत दार बंद हवे. आणि ती बाहेर पडताच ते आपोआप उघडायला हवे, नाहीतर पुढचे काडतूस आत येणार कसे? माउझरची गोळी सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने सुटे आणि नळी होती जेमतेम १४ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी काळाचा हा हिशेब आहे.

फेडेर्ले बंधूंनी तो असा सोडवला. नळी आणि तिच्या मागचे चौकोनी घर त्यांनी एकाच पोलादी तुकड्यातून घडवले. या घरात बोल्ट मागे-पुढे सरकतो. बोल्टच्या खाली एक छोटा पोलादी अडसर असतो. तो वर उचललेला असला की बोल्टच्या खाचेत अडकून बसतो. चाप ओढला, गोळी सुटली, की नळी, घर, अडसर आणि बोल्ट हे सारे एकजुटीने काही मिलिमीटर मागे सरकतात. एवढ्या अवधीत गोळी नळीबाहेर गेलेली असते. मग अडसराखालचा आधार सुटतो, अडसर खाली पडतो, नळी थांबते आणि मोकळा झालेला बोल्ट एकटाच मागे धावतो. जाता जाता तो रिकामे काडतूस वर उडवतो आणि घोडा चढवतो; परत येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. अडसर पुन्हा वर चढतो. दार बंद! दर गोळीला चाप मात्र नव्याने ओढावा लागतो, म्हणून हे अर्धस्वयंचलित.

या रचनेतील दोन गोष्टींचे मला अभियंता म्हणून आजही कौतुक वाटते. पहिली अशी की, या संपूर्ण यंत्रात स्क्रू आहे तो केवळ एक, आणि तोही मुठीच्या लाकडी पट्ट्या धरून ठेवण्यापुरता. बाकी सारे भाग जपानी लाकडी कोड्याप्रमाणे एकमेकांत गुंफलेले. एकाने दुसऱ्याला जागेवर धरलेले. घोडा, चाप यांचा सारा संच एका स्वतंत्र चौकटीत बसवलेला असून तो अखंड बाहेर काढता येतो. दुसरी गोष्ट मुख्य स्प्रिंगची. ती एकटी दोन कामे करते. तिचे एक टोक घोड्याला जोर देते, दुसरे टोक मागे गेलेल्या नळीला पुन्हा पुढे आणते. एका भागाकडून दोन कामे करून घेणे, हे उत्तम आखणीचे लक्षण होय.

काडतुसांची पेटी मुठीत नसून चापाच्या पुढे आहे. दहा काडतुसांची पट्टी वरून खोचायची, अंगठ्याने काडतुसे आत दाबायची आणि पट्टी काढून घ्यायची, की बोल्ट पुढे येऊन पिस्तूल सिद्ध होते. मूठ गोल व निमुळती. तिचे साम्य पाहून इंग्रजांनी या पिस्तुलाला 'झाडूची मूठ' असे टोपणनाव दिले. आणि याचे म्यान लाकडाचे होते. ते पोकळ लाकडी म्यान उलटे करून मुठीच्या मागे अडकवले की त्याचाच दस्ता होई आणि पिस्तूल खांद्याला लावून रायफलीसारखे चालवता येई. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कलकत्त्यात ती पुन्हा भेटणार आहे.

सेनांनी नाकारले, सैनिकांनी स्वीकारले

इतके गुण असूनही बड्या सेनांनी हे पिस्तूल आपले अधिकृत शस्त्र म्हणून स्वीकारले नाही. कारणे सरळ होती. वजन किलोपेक्षा अधिक, तोल पुढच्या बाजूला झुकलेला, आणि ते घडवण्यास लागणारे काम फार बारकाईचे, म्हणून किंमत भारी. तुर्कस्तानने काही घेतली, इटलीच्या नौदलाने १८९९ साली ५,००० मागवली. पण खुद्द जर्मन सेनेने १९०८ साली निवड केली ती लुगर पिस्तुलाची. पुढे पहिल्या महायुद्धात पिस्तुलांचा तुटवडा पडला, तेव्हा १९१६ साली प्रशियाने दीड लाख माउझरची मागणी नोंदवली. ती नऊ मिलिमीटर काडतुसासाठी होती. मूळ पिस्तूल ७.६३ मिलिमीटरचे, त्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून नव्या पिस्तुलाच्या मुठीवर लाल रंगात ठळक '९' कोरला गेला.

मात्र सेनांनी नाकारलेले हे शस्त्र अधिकारी स्वतःच्या पैशाने विकत घेत. त्यांपैकी एकाची हकीकत आपल्या मुंबईशी निगडित आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात एक तरुण इंग्रज अधिकारी आपल्या पलटणीबरोबर मुंबईला आला. ससून डॉकच्या धक्क्यावर होडीतून उतरताना त्याने भिंतीतील लोखंडी कडे धरले, त्याच क्षणी लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा दुखावला तो कायमचा. हा तरुण म्हणजे विन्स्टन चर्चिल. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधील ऑमदुर्मनच्या लढाईत घोडदळाचा हल्ला झाला, तेव्हा अधू खांद्यामुळे तलवार चालवणे धोक्याचे म्हणून चर्चिलने हाती घेतले ते माउझर पिस्तूल. त्याच्या जोरावर आपण वाचलो, असे तो पुढे मानीत असे.

चीनमध्ये तर सरदारा-सरदारांतील यादवीच्या काळात माउझरला अमाप मागणी आली. शान्सी प्रांतात त्याची मोठ्या काडतुसाची आवृत्ती निघाली. स्पेनमध्येही त्याच्या प्रतिकृती तयार झाल्या. सोव्हिएत रशियाला हे काडतूस इतके पसंत पडले की, त्याच्याच आधारे त्यांनी आपले टोकारेव्ह काडतूस बनवले, आणि दुसऱ्या महायुद्धात लाल सेनेच्या सबमशीनगन त्यावर चालल्या. ओबर्नडॉर्फमध्ये दहा लाखांहून अधिक माउझर पिस्तुले तयार झाली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबले.

कलकत्त्याची सातवी बैलगाडी

आता आपल्या देशाकडे येऊ. त्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्रास्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास हिंदी माणसाला बंदी. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. या कायद्याने शस्त्रे गेली, हे आपण नेहमी म्हणतो. मला वाटते, त्याहून मोठी हानी वेगळी झाली. गावोगावच्या लोहार-शिकलगारांच्या हातातील विद्या गेली. ज्या काळात ओबर्नडॉर्फमधील बंदूककाराची मुले नव्या पोलादाशी झगडत नवे शस्त्र घडवत होती, त्याच काळात आपल्या कारागिराच्या हातून तो सराव सुटत चालला होता. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथे काम करणारे हात आपले होते, पण काय घडवावे आणि कसे घडवावे, हा निर्णय आपला नव्हता.

म्हणूनच क्रांतिकारकांपुढे प्रश्न होता तो शस्त्रे आणायची कोठून? महाराष्ट्रातील श्रोत्यांना १९०९ सालची हकीकत ठाऊक आहे. लंडनहून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस पिस्तुले धाडली. ती ब्राउनिंग जातीची, खिशात मावणारी, माउझरहून कितीतरी लहान. त्यांतील एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तुलांचा माग काढीत सरकार लंडनपर्यंत पोहोचले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फासावर गेले. सावरकरांना अंदमान घडले.

यानंतर पाच वर्षांनी, बुधवार, २६ ऑगस्ट १९१४. महायुद्ध पेटून महिनाही झाला नव्हता. कलकत्त्यात रॉडा आणि कंपनी ही शस्त्रांची मोठी पेढी होती. तिच्याकडे श्रीशचंद्र मित्र, टोपणनाव हाबू, हे कारकून होते. कस्टम्समधून माल सोडवून आणणे हे त्यांचे काम. त्या दिवशी त्यांनी २०२ खोकी सोडवली. माल वाहून नेण्यासाठी सात बैलगाड्या होत्या. त्यांतील सातव्या गाडीवर गाडीवानाच्या वेशात बसले होते हरिदास दत्त हे क्रांतिकारक. व्हॅन्सिटार्ट रोवरील पेढीच्या गुदामात १९२ खोकी पोहोचली. उरलेली दहा घेऊन येतो, असे सांगून श्रीशचंद्र बाहेर पडले ते परतलेच नाहीत. सातवी गाडी गुदामाकडे न वळता मलंगा लेनच्या दिशेने गेली होती. पोलिसांकडे वर्दी गेली ती तीन दिवसांनी!

त्या दहा खोक्यांत होती ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे. एकही गोळी न झाडता, एकाही माणसाला इजा न करता, भर दिवसा हे शस्त्रभांडार क्रांतिकारकांच्या हाती आले. पुढे १९१८ साली रौलट समितीच्या अहवालाने याची सविस्तर दखल घेतली. पन्नासपैकी ४४ पिस्तुले जवळजवळ तत्काळ बंगालमधील नऊ निरनिराळ्या गटांत वाटली गेली आणि नंतरच्या ५४ घटनांत ती वापरली गेली, अशी नोंद त्यात आहे. ज्या पेटीत पिस्तूल ठेवतात, तीच मुठीला जोडून ते रायफलीसारखे खांद्यावरून चालवता येते, हेही त्या समितीने आवर्जून नमूद केले. फेडेर्ले बंधूंचे ते लाकडी म्यान अशा रीतीने इंग्रज सरकारच्या दप्तरात पोहोचले! पॉल माउझर १९१४ सालीच मे महिन्यात निवर्तला होता; आपल्या पिस्तुलाची ही कीर्ती ऐकण्यास तो राहिला नव्हता.

श्रीशचंद्र मित्र यांचे पुढे काय झाले? ते ईशान्येकडे निघून गेले आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. ना खटला, ना फाशी, ना पुतळ्याखालचे शेवटचे भाषण. एका कारकुनाने आपले काम चोख केले आणि तो इतिहासातून दिसेनासा झाला.

हिशेब

बंधु-भगिनींनो, येथे मी आपल्याला एक साधा हिशेब करण्यास सांगतो. ४६,००० भागिले ५०. एका पिस्तुलास ९२० काडतुसे. हा आकडा मोठा वाटतो. पण तो नंतर वाढणारा नव्हता. हे काडतूस हिंदुस्थानात घडत नव्हते, आणि दुसरे कोणतेही त्या नळीत चालत नव्हते. प्रत्येक गोळीबरोबर साठा घटत होता. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद पेढीच्या दप्तरात होती. १९१८ पर्यंत पन्नासपैकी ३१ पिस्तुले पोलिसांनी परत मिळवली होती.

९ सप्टेंबर १९१५ रोजी ओडिशात बालासोरजवळ चाषाखंड येथे जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार सहकारी यांना पोलीस व सैन्याच्या तुकडीने वेढले. जर्मनीच्या मदतीची शस्त्रे घेऊन येणाऱ्या ज्या जहाजाची ते वाट पाहत होते, ते कधीच आले नाही. पाच जणांच्या हाती माउझर पिस्तुले, समोर लांब पल्ल्याच्या रायफली. माउझरच्या मागच्या माशीवर हजार मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असत; पण गोळी तेवढी दूर जाणे वेगळे आणि तेवढ्या अंतरावर नेम लागणे वेगळे. तरीही ते पाच जण एका तासाहून अधिक काळ लढले. चित्तप्रिय रायचौधुरी जागीच ठार झाले. जतींद्रनाथांनी दुसऱ्या दिवशी इस्पितळात देह ठेवला. मनोरंजन सेनगुप्त आणि नीरेंद्रनाथ दासगुप्त फाशी गेले. ज्योतिष पाल यांना कारावास झाला. त्यांच्या धैर्यात कसलीही उणीव नव्हती. उणीव होती ती त्यांच्या पाठीशी उभ्या असावयास हव्या त्या कारखान्याची.

आणखी एक प्रसंग सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण केवळ गौरवाच्याच गोष्टी सांगितल्या तर तो अभ्यास होत नाही. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरी येथे सरकारी खजिना हस्तगत करताना हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या तरुणांकडे माउझर पिस्तुले होती. कोणाही प्रवाशास इजा करावयाची नाही, असे ठरलेले होते. पण मन्मथनाथ गुप्त या कोवळ्या वयाच्या क्रांतिकारकाच्या हातातील माउझरमधून अनवधानाने गोळी सुटली आणि एका निरपराध प्रवाशाचा प्राण गेला. ज्या समाजाला शस्त्राचे शिक्षण नाकारले जाते, त्या समाजातील शुद्ध हेतूच्या तरुणाच्या हातूनही असा अनर्थ घडू शकतो. हेतू कितीही पवित्र असो, यंत्र त्याची चौकशी करीत नाही. ते चाप ओढणाऱ्या बोटाचेच ऐकते.

पाडलेला कारखाना

शेवटी पुन्हा ओबर्नडॉर्फला जाऊ आणि थांबू. १९४५ साली जर्मनी पराभूत झाली. तो भाग फ्रेंच सैन्याच्या ताब्यात आला. माउझरच्या कारखान्यातील यंत्रसामग्री काढून नेण्यात आली आणि इमारती पाडल्या गेल्या. जे गाव सव्वाशेहून अधिक वर्षे बंदुका घडवत होते, तेथे ढिगारे उरले. ही कथा येथे संपावयास हवी होती.

ती संपली नाही. माउझरमध्ये काम केलेले तीन अभियंते, एडमंड हेक्लर, टेओडोर कोख आणि आलेक्स झायडेल, यांनी १९४९ साली त्याच गावात नवी कंपनी काढली. आरंभी ते शिलाई यंत्रांचे आणि सायकलींचे भाग बनवत. पुढे हीच हेक्लर आणि कोख कंपनी जगातील अग्रगण्य शस्त्रनिर्मात्यांपैकी एक झाली. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंच्या हातात जी आखूड एम्.पी. ५ बंदूक आपण छायाचित्रांत पाहतो, ती याच गावातील रचना आहे. भिंती पाडता आल्या, यंत्रे नेता आली. पण हातातील आणि डोक्यातील विद्या कोणाला नेता आली नाही.

कलकत्ता आणि ओबर्नडॉर्फ ही दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत. एकीकडे पन्नास पिस्तुले, अतुलनीय साहस आणि रोज घटणारा साठा. दुसरीकडे एकही पिस्तूल नाही, कारखाना नाही, परंतु घडवण्याची विद्या शाबूत. हाती आलेले शस्त्र जप्त होऊ शकते, विद्या जप्त होत नाही. श्रीशचंद्रांच्या पिढीला ही निवड करण्याचे स्वातंत्र्यच नव्हते. त्यांच्यापुढे होती ती केवळ सातवी बैलगाडी. आपल्याला मात्र ते स्वातंत्र्य आहे. ते त्यांनी मिळवून दिले आहे.

मग आपण काय करावे? मी मोठा संकल्प सांगणार नाही. पुढल्या खंडेनवमीला घरातील मुला-मुलींना पाटासमोर बसवा. पाटावर तलवार असो, शिलाई यंत्र असो वा संगणक असो, पूजा झाल्यावर माझ्या वडिलांचा प्रश्न त्यांना विचारा : "याला नमस्कार केलास. आता हे कसे चालते, ते सांग." उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर लाजू नका. जवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये त्यांना घेऊन जा. लेथवर उभा असलेला कारागीर आनंदाने सांगेल. आणि घरी एखादी मुलगी जुने घड्याळ उघडून बसली असेल, तर पसारा झाला म्हणून तिला रागावू नका. फेडेर्ले बंधूंच्या घरीही असाच पसारा होत असणार.